सायलोचा डोम आत बसला: 2 इंचाच्या जागी 3 इंची व्हॉल्व्ह पुरेल का?

प्रश्न विचारणारे एका डेअरीत प्रॉडक्शनला आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 30 हजार लिटरचा स्टेनलेस स्टीलचा दुधाचा सायलो (उभी साठवण टाकी), व्यास 2.8 मीटर. रोजच्यासारखी सीआयपी (टाकी न उघडता आतून धुण्याची पद्धत) चालू होती. 75 अंशांचं कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं पाणी) फिरवून झालं. कोमट पाण्याची टाकी रिकामी होती म्हणून ऑपरेटरने सरळ बोअरचं थंड पाणी स्प्रे बॉलला (आत फवारा मारणाऱ्या भोकाभोकांच्या गोळ्याला) सोडलं, तासाला साधारण 20 हजार लिटरने. अर्ध्या मिनिटाच्या आत मोठा आवाज झाला आणि वरचा डोम (घुमटाकार छत) आत बसला. मॅनहोल बंद होतं. डोमवर 2 इंची व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (आत व्हॅक्यूम झाला की बाहेरची हवा आत घेणारा) होता आणि नंतर बघितला तर तो अडकलेला नव्हता. आता मेन्टेनन्सचं म्हणणं आहे की 3 इंची बसवू. पावडर प्लांटच्या व्हॅक्यूम पंपाचा एक 3 इंची स्प्रिंगचा व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह स्टोअरमध्ये पडून आहे, तोच चालेल. शेवटी जाता जाता त्यांनी विचारलंय की त्या पंपावर चालू असलेला तसलाच व्हॉल्व्ह पुरवठादाराने सांगितल्याप्रमाणे 680 मिमी पाऱ्याच्या व्हॅक्यूमला सेट आहे, तरी उन्हाळ्यात पंप खडखडतो, ते का?

आधी सरळ उत्तर देतो. 3 इंच पुरणार नाही. आणि स्टोअरमधला तो व्हॉल्व्ह सायलोवर अजिबात चढवू नका, तो असणं आणि नसणं सारखंच आहे. पंपाच्या खडखडाटाचं शेवटी बोलू.

तुमचा खरा प्रश्न व्हॉल्व्ह किती इंची हा नाहीये. सायलोत व्हॅक्यूम किती वेगाने तयार होतो, आणि तो भरून काढायला तेवढ्याच वेगाने हवा कुठून येणार, हा आहे. टाकी किती लिटरची आहे हे बघून व्हॉल्व्ह निवडायची पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे. त्याहून जास्त रुजलेली पद्धत म्हणजे पंपाच्या क्षमतेवरून निवडणं: सायलो तासाला 20 हजार लिटरने रिकामा होतो, म्हणजे तासाला 20 घनमीटर हवा आत यायला हवी, 2 इंच बक्कळ झाले. हा हिशोब चुकीचा नाही. दूध काढताना तुमचा 2 इंची व्हॉल्व्ह इतकी वर्षं नीट काम करतच होता. पण सायलो दूध काढताना चेपला नाही, सीआयपीत चेपला. तिथला हिशोब पूर्ण वेगळा आहे.

तो हिशोब तुमच्याच आकड्यांवर करून बघू. 75 अंशांचं कॉस्टिक स्प्रे बॉलमधून पंधरा-वीस मिनिटं फिरलं की आतली हवा वाफेने भरून जाते. 75 अंशांना पाण्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण 38 टक्के असतो. म्हणजे तुमच्या रिकाम्या दिसणाऱ्या सायलोत तीन-अष्टमांशापेक्षा थोडी जास्त वाफ होती, बाकी हवा. वजनात सांगायचं तर सात किलोच्या आसपास वाफ. आता त्यावर थंड पाण्याचा फवारा मारला. वाफ पाणी झाली, उरलेली हवा आकसली. सायलो पूर्ण बंद असता तर आतलं तापमान 30 अंशांवर येईपर्यंत दाब सुमारे 42 टक्क्यांनी उतरला असता, म्हणजे चार मीटरहून जास्त वॉटर कॉलमचा (तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढा) व्हॅक्यूम. शाळेत पत्र्याच्या डब्यात पाणी उकळून, बूच लावून वरून थंड पाणी ओतायचा प्रयोग आठवत असेल, तोच हा, फक्त 30 हजार लिटरचा.

दाब पुन्हा बरोबरीला आणायचा तर सुमारे साडेबारा घनमीटर हवा आत यायला हवी. आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. प्रश्न वेळेचा आहे. तासाला 20 हजार लिटर म्हणजे सेकंदाला साडेपाच लिटर थंड पाणी, तेही बारीक थेंबांत, म्हणजे उष्णता खेचून घ्यायला भरपूर पृष्ठभाग. तेवढ्या पाण्यात ती सात किलो वाफ 20 ते 25 सेकंदांत निववायची ताकद आहे. प्रत्यक्षात भिंती गरम असतात, फवारा सगळीकडे सारखा पोचत नाही, म्हणून वेळ थोडा वाढेल. उलट पहिल्या काही सेकंदांत वेग सरासरीपेक्षा जास्त असतो. तुम्ही लिहिलंय की अर्ध्या मिनिटाच्या आत आवाज झाला. हिशोब जुळतो.

म्हणजे हवेची गरज झाली सेकंदाला 0.6 घनमीटर, तासाला दोन हजार घनमीटरच्या वर. पंपाच्या हिशोबाने ती 20 होती. शंभर पटीचा फरक आहे हा.

आता 2 इंचातून किती हवा येते? हे तुमच्या सायलोला किती व्हॅक्यूम झेपतो त्यावर अवलंबून आहे, कारण हवा आत ढकलणारा जोर तोच. मी धरतो की 50 मिमी वॉटर कॉलमच्या पुढे जायचं नाही. दुधाच्या सायलोसाठी हे उदार आहे. नेमप्लेटवर नुसतं ‘ॲटमॉस्फेरिक’ लिहिलं असेल तर फॅब्रिकेटरकडून लेखी आकडा घ्या, माझा 50 धरून बसू नका. 50 मिमीच्या फरकाला भोकातून हवा सेकंदाला साधारण 29 मीटरने धावते, आणि कडेचं आकुंचन वगैरे धरून हाती 60 टक्के लागतात. 2 इंची भोकातून मिळतात तासाला सव्वाशे घनमीटर. 3 इंचातून पावणेतीनशे-तीनशेच्या मध्ये. तुम्हाला हव्यात दोन हजार. त्यासाठी भोक यायला हवं 8 इंचाच्या आसपास. तुमचा 2 इंची व्हॉल्व्ह वेळेवर उघडला असणार याबद्दल मला शंका नाही. बिचारा उघडून तरी काय करणार होता!

इथे एक गोष्ट फिटर मंडळींना नेहमी समजावून सांगावी लागते. ‘हा सायलो आम्ही पाणी भरून टेस्ट केलाय, अर्धा किलो प्रेशर घेतलंय, 50 मिमीने काय होतंय?’ आतून दाब दिला की पत्रा ताणला जातो आणि ताणाला स्टील दमदार आहे. बाहेरून दाब आला की पत्रा ताणला जात नाही, वाकतो, आणि एकदा वाकायला लागला की आकार गेल्यामुळे ताकदही जाते. म्हणून चेपणं हळूहळू होत नाही, एका झटक्यात होतं. यात स्टील किती मजबूत आहे याला फारसं महत्त्व नाही. 304 ग्रेडचं असो की 316, दोन्ही सारखेच वाकतात. महत्त्व आहे जाडी आणि व्यासाच्या प्रमाणाला, आणि तेही फार तीव्र: जाडी निम्मी केली तर बाहेरचा दाब झेलायची ताकद निम्मी होत नाही, डोमला साधारण चौथ्या आणि उभ्या शेलला साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. जुना पोचा असेल तर आणखी कमी. तुमच्या डोमचं वरून दिसणारं क्षेत्रफळ सहा चौरस मीटरच्या थोडं वर भरतं. 1 मिमी वॉटर कॉलम म्हणजे चौरस मीटरला 1 किलो. 50 मिमीला डोमवर 300 किलो. आत एक मीटरचा व्हॅक्यूम झाला असेल तर सहा टन. तीन मिमीच्या पत्र्यावर सहा टन कोणी स्वतःहून ठेवणार नाही.

मग करायचं काय? माझ्या मते व्हॉल्व्ह वाढवणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे व्हॅक्यूम तयार व्हायचा वेगच कमी करणं. आणि दुसरं निम्मं स्वस्त पडतं.

पहिल्यांदा कोमट पाण्याचं. बरेच जण म्हणतात, कोमट पाणी वापरलं की प्रश्न मिटला. मिटत नाही. 75 वरून 55 अंशांवर आणलं तरी बंद सायलोत दाब पाव हिश्श्याने उतरतो. वेग कमी होतो, हवेची गरज सुमारे निम्म्यावर येते, पण 3 इंची व्हॉल्व्हला तीही झेपणारी नाही. म्हणून कोमट पाण्याच्या जोडीला पाणी तुटक सोडा: पाच सेकंद चालू, तीस-चाळीस सेकंद बंद, असं सात-आठ वेळा. पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर) सीआयपी असेल तर एक ओळ बदलायचं काम आहे. दर वेळी थोडीच वाफ मरते आणि मधल्या वेळात हवा आत येते. याहून चांगला उपाय म्हणजे कॉस्टिक संपल्यावर, पाणी सोडायच्या आधी, गाळलेली हवा छोट्या ब्लोअरने दोन-चार मिनिटं सायलोतून फिरवायची. आतली वाफ बाहेर निघून गेली की थंड पाण्याला मारायला वाफच उरत नाही. वरून बाहेर जाणारी वाफ कोणाच्या तोंडावर येणार नाही एवढं बघा.

दुसरं, इंटरलॉक, म्हणजे अट पुरी झाल्याशिवाय पुढची पायरी होऊच न देणारी सोय. कोमट पाण्याच्या टाकीची लेव्हल आणि तापमान ठीक नसेल तर रिन्सचा (खळबळण्याच्या पाण्याचा) व्हॉल्व्ह उघडताच कामा नये. त्या दिवशी ऑपरेटरने थंड पाणी सोडलं, त्याच्यावर चौकशी बसली असेल. बसू द्या, पण रात्रपाळीला टाकी रिकामी असताना, सकाळच्या टँकरची वाट बघत असताना, माणूस हेच करणार. त्याला ते करता येत होतं हा दोष आहे. मॅनहोल उघडं ठेवून सीआयपी करा असंही काही जण सांगतील. साडेचारशे मिमीचं मॅनहोल उघडं असलं तर हवेची ददात नाही हे खरं, पण कॉस्टिकचे तुषार बाहेर येतात आणि झाकण लावायचं-काढायचं माणसाच्या आठवणीवर राहतं. तात्पुरतं ठीक, कायमचं नको.

तिसरं, व्हॉल्व्ह. 8 इंची, वजनावर चालणारा, उभाच बसणारा. 25 ते 30 मिमीला उघडायला लागावा आणि 50 मिमीच्या आत पूर्ण उघडावा. या शेवटच्या अटीकडे लक्ष द्या. सेटिंगला व्हॉल्व्ह फक्त जागचा हलतो. काही बनावटी सेटिंगच्या दहा टक्के पुढे पूर्ण उघडतात, काहींना दुप्पट दाब लागतो. म्हणून विक्रेत्याकडे ‘8 इंची द्या’ असं मागू नका. ‘50 मिमीला तासाला 2,200 घनमीटर हवा आत घेणारा द्या, आणि त्याचा फ्लो कर्व्ह (किती दाबाला किती हवा, याचा आलेख) दाखवा’ असं मागा. कर्व्ह दाखवत नसेल तर दुसरा विक्रेता बघा. डोमवर 8 इंची नोजल (जोडणीचा आखूड पाइप) लावायला जागा नसेल तर 6 इंची दोन लावले तरी चालतील, क्षेत्रफळ उलट थोडं जास्तच मिळतं. रिन्स तुटक केल्यावर गरज खूपच खाली येईल, तरी व्हॉल्व्ह मी सर्वात वाईट दिवसासाठीच घेईन, कारण पीएलसीचा प्रोग्रॅम कोण कधी बदलेल सांगता येत नाही.

वजनाच्या व्हॉल्व्हची एक सोय अशी की त्याचं सेटिंग वजनकाट्यावर तपासता येतं. चकतीचं वजन भागिले सीटचं क्षेत्रफळ, झालं. 200 मिमीच्या सीटवर 30 मिमीसाठी चकती 940 ग्रॅमच्या आसपास हवी. तुमच्या जुन्या 2 इंची व्हॉल्व्हची चकती काढून काट्यावर ठेवा बरं. 30 मिमीसाठी ती जेमतेम 60 ग्रॅमची असायला हवी. ती 400 ग्रॅम भरली तर तो व्हॉल्व्ह 200 मिमीपर्यंत हललाच नसणार. आणि हे होतं. व्हॉल्व्ह खडखडतो किंवा फेस बाहेर येतो म्हणून कोणीतरी चकतीवर एखादा वॉशर, नट टाकून ठेवतो. मी चकतीवर वेल्ड केलेला बोल्टसुद्धा बघितलाय.

देखभालीत तीन गोष्टी सायलोच्या व्हॉल्व्हला हमखास खातात. एक म्हणजे दुधाच्या फेसाचा थर सीटवर वाळतो आणि चकती चिकटते. म्हणून व्हॉल्व्ह सीआयपीत धुतला जाईल अशी छोटी फवारणी त्यावर असावी, आणि आठवड्याला हाताने चकती उचलून बघावी. दुसरी म्हणजे माश्या-डास नकोत म्हणून लावलेली बारीक जाळी. ती पावडरच्या धुळीने आणि ओलाव्याने लिंपून जाते, आणि 8 इंची व्हॉल्व्हचा 2 इंची होतो. जाळी मोठ्या क्षेत्रफळाची घ्या आणि धुवायच्या यादीत टाका. तिसरी म्हणजे पावसाळ्यात व्हॉल्व्हवर बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी. याच्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. एक पातळ पिशवी हजारो लिटरची टाकी चेपवू शकते. व्हॉल्व्हला पावसाची टोपी कारखान्यातूनच बसवून घ्या.

नवीन व्यवस्था झाल्यावर विश्वासावर जाऊ नका, मोजा. सायलोच्या वरच्या एखाद्या छोट्या नोजलला पारदर्शक नळी जोडून खाली यू आकारात वळवा, त्यात रंगीत पाणी भरा, शेजारी पट्टी लावा. शंभर-दोनशे रुपयांत मॅनोमीटर तयार. पहिली सीआयपी मॅनहोल उघडं ठेवून, दुसरी बंद करून कोमट तुटक पाण्याने, आणि एक माणूस नळीकडे नजर लावून, हाताशी पाणी बंद करायचं बटण. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक 30 मिमीच्या वर जायला लागला की बटण दाबायचं. वर्षातून एकदा हा प्रयोग करा. व्हॉल्व्हची तब्येत त्यातून जितकी कळते तितकी कुठल्याही सर्टिफिकेटातून कळत नाही.

चेपलेल्या डोमबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तो कॉम्प्रेस्ड हवेने आतून फुगवून सरळ करायचा मोह होईल. करू नका. 30 घनमीटर दाबलेल्या हवेत जी ताकद साठते ती एखादा वेल्ड सुटला तर माणसं मारते. फॅब्रिकेटरला बोलवा, डोम बदलणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. आणि डोम-शेलच्या जोडाचं डाय पेनिट्रंट (रंगीत द्रव लावून चीर शोधायची तपासणी) करून घ्या. केसाएवढी चीर राहिली तर त्यात दूध शिरून बसेल, बाहेरून इन्सुलेशनच्या आड दिसणारही नाही, आणि पुढे बॅक्टेरियाचा काउंट का येतोय याचा शोध महिनोन्‌महिने चालेल.

डिस्टिलरीवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. फर्मेंटर (आंबवायची टाकी) रिकामा केला की आत कार्बन डायऑक्साइड उरतो. त्यात कॉस्टिक सोडलं की ते हा वायूच पिऊन टाकतं, सोडियम कार्बोनेट होतं. पाणी गरम नाही, थंड नाही, तरी व्हॅक्यूम होतो, आणि तोही झपाट्याने. तिथे आधी हवा मारून वायू काढायचा, मगच कॉस्टिक. सॉल्व्हंटच्या टाक्यांचा मामला आणखी वेगळा, तिथे हवा आत घेणंच धोक्याचं असतं. आधी नायट्रोजन आत घ्यायचा, हवा घेणारा ब्रीदर व्हॉल्व्ह त्याच्या मागे, तोही फ्लेम अरेस्टरसह (आग आत शिरू न देणारी जाळी). त्यांचा हिशोब एपीआय 2000 (टाक्यांनी हवा घेण्या-सोडण्याचं अमेरिकन मानक) प्रमाणे करा, दुधाच्या सायलोवरून नको.

आता स्टोअरमधला तो 3 इंची व्हॉल्व्ह. व्हॅक्यूम पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह आणि टाकीचा रिलीफ व्हॉल्व्ह, नाव एकच, काम दोन. टाकीवरचा टाकीला वाचवतो. पंपाच्या सक्शनवरचा पंपाला वाचवतो. तो 650-680 मिमी पाऱ्यापर्यंत गप्प बसतो आणि त्यापुढे थोडी हवा सोडतो. 650 मिमी पारा म्हणजे वॉटर कॉलममध्ये 8,800 मिमीहून जास्त. सायलोला हवाय 30 ला उघडणारा. स्प्रिंग कितीही सैल केली तरी तो तिथे येणार नाही. सायलो चपटा होऊन जमिनीवर आला असता तरी तो उघडला नसता.

आणि खडखडाटाचं उत्तर 680 या आकड्यातच आहे. तुमची डेअरी पुणे-कोल्हापूर पट्ट्यात असेल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय. तिथली उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे हवेचा दाब 760 नाही, साधारण 710 मिमी पारा. 680 चा व्हॅक्यूम मुंबईत समुद्रकाठी घेतला तर पंपात 80 मिमी दाब उरतो, तिथे ठीक आहे. तुमच्याकडे उरतो 30 मिमी. पाणी 30 अंशांनाच 32 मिमीला उकळतं, आणि तुमचं कूलिंग टॉवरचं पाणी मे महिन्यात 33-35 अंशांचं असणार. तुमचा पंप लिक्विड रिंगचा, म्हणजे आत फिरणाऱ्या पाण्याच्या कड्यावर चालणारा असणार; त्या कड्याचं पाणी, म्हणजे सील वॉटर, पंपातच उकळतंय, त्याचे बुडबुडे फुटतात, आणि आत खडे टाकल्यासारखा आवाज येतो. इंपेलर काढून बघा, खवले पडायला सुरुवात झाली असेल. व्हॉल्व्ह 680 ला सेट असल्यामुळे त्याला वेळीच उघडायची संधीच मिळत नाही.

सेटिंग 640 ते 650 वर आणा. दुधाच्या इव्हॅपोरेटरचा (दूध आटवणाऱ्या यंत्राचा) शेवटचा इफेक्ट (टप्पा) बहुधा 45 अंशांच्या आसपास चालतो, त्याला निरपेक्ष 72 मिमी दाब लागतो, म्हणजे तुमच्या गेजवर 640 च्या आसपास. त्याच्या पुढचा व्हॅक्यूम तुम्हाला नकोच आहे. व्हॉल्व्ह कंडेन्सरनंतर, पंपाच्या अगदी जवळ असू द्या, म्हणजे सोडलेली हवा कंडेन्सरमध्ये शिरणार नाही. शक्य असेल तर सील वॉटर चिलरच्या परतीच्या लाइनीतून थोडं थंड करून द्या. सेटिंग बदलल्यावर गेजवरचा आणि सील वॉटरच्या तापमानाचा, दोन्ही आकडे इथे टाका, मग बघू आवाज किती उरतो ते.